आयत्या वेळचा बेसबॉल

भाईंदरला स्टेडियम आहे का, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुणाला विचारता यावर ठरतं. रिक्षावाल्याला विचारलंत तर तो तुम्हाला पश्चिमेला नेऊन सुभाषचंद्र बोस मैदानापाशी सोडेल आणि सुट्टे पैसे मागेल. मेट्रोच्या नकाशाला विचारलंत तर तो सांगेल, आहे तर! दहिसर पूर्वेहून निघणारी मेट्रो ९ पांडुरंगवाडी, मिरागाव, काशीगाव असं करत करत शेवटी जिथे दम टाकते, त्या स्थानकाचं नाव सुभाषचंद्र बोस स्टेडियम. आम्ही पिढ्यान् पिढ्या, म्हणजे साधारण तीस वर्षं, त्याला मैदान म्हणत आलो. नकाशा काढणाऱ्यांनी त्याला एका रात्रीत बढती दिली. यात आम्हाला नवल वाटलं नाही. रात्री चार मजल्यांची झोपलेली इमारत सकाळी पाच मजल्यांची उठलेली आम्ही पाहिली आहे.

तरी पण नाव डोक्यात बसलं. 'पुढील स्थानक, सुभाषचंद्र बोस स्टेडियम' असं रोज कानावर पडू लागलं की आज ना उद्या कुणीतरी परगावचा माणूस उतरेल आणि विचारेल, 'स्टेडियम कुठाय?' तेव्हा त्याला काय दाखवायचं? मी निवृत्त आहे, मला अशा चिंता परवडतात.

त्यातच मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे अमेरिकेला जाणं झालं. मुलगी हार्टफोर्डला असते. विमा कंपन्यांचं गाव. आमच्या जावयांनाही तिथे विमाच खाऊ घालतो. सहा महिने मुक्काम म्हटल्यावर जावयांनी पहिल्या आठवड्यात मला सगळं दाखवून टाकलं आणि मग उरलेल्या पंचवीस आठवड्यांचं काय करायचं या विवंचनेत ते एका शुक्रवारी म्हणाले, "बाबा, चला, मॅच बघायला जाऊ. बेसबॉल."

मी विचारलं, "मोठी टीम आहे का?"

"नाही, मायनर लीग."

आपल्या घरांत 'मायनर' हा शब्द दोनच गोष्टींना लागतो. एक, हार्ट अटॅक. दुसरं, फ्लॅट विकताना दलाल दाखवतो ते भिंतीतलं लीकेज. त्यामुळे मी जरा जपूनच गेलो. तर काय बघतो, सहा हजार माणसं बसतील असं टुमदार मैदान, हिरवळ अशी की पाय ठेवताना चप्पल काढावीशी वाटावी, आणि बाहेर पाटी : हार्टफोर्ड यार्ड गोट्स. अंगणातल्या शेळ्या? जावई म्हणाले, नाही बाबा, रेल्वेच्या यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या शंटिंगच्या इंजिनाला तिकडचे जुने रेल्वेवाले यार्ड गोट म्हणत. म्हणजे संघाचं नाव शंटिंग इंजिन! ज्या माणसाने पस्तीस वर्षं पश्चिम रेल्वेने नोकरी गाठली, त्याला तिथल्या तिथे तो संघ आपला वाटला.

मग कळलं की त्या मैदानाचीही कथा आपलीच आहे. हा संघ आधी शेजारच्या न्यू ब्रिटन गावात होता. हार्टफोर्डने त्याला बोलावून घेतलं, मैदान बांधून देतो म्हणून कबूल केलं, तारीख दिली २०१६ च्या मोसमाची. तारीख आली, मैदान आलं नाही. खर्च फुगला, भांडणं झाली, शहराने बांधकाम करणाऱ्यांना काढून टाकलं, शेवटी विमा कंपनीने उरलेलं काम पुरं करून घेतलं. (विम्याच्या गावाला याचा तरी उपयोग.) ते अख्खं वर्ष हा बिचारा संघ नावाला हार्टफोर्डचा, पण सगळे सामने दुसऱ्यांच्या गावी खेळत बसमधून हिंडला. मैदान उघडलं २०१७ च्या एप्रिलमध्ये.

मला गहिवरून आलं. घर बुक केलंय, पैसे गेलेत, ताबा नाही, आणि संसार भाड्याच्या जागेत चाललाय. जावई म्हणाले, "तिथे फार मोठा घोटाळा गाजला हो." मी म्हटलं, "एक वर्ष उशीर? आमच्याकडे याला वेळेवर म्हणतात."

मायनर लीगची रचना मला जावयांनी तिसऱ्या डावापर्यंत समजावली. असे एकशेवीस संघ आहेत. प्रत्येक संघ एखाद्या मोठ्या संघाच्या पदराखाली. खालून सिंगल-ए, मग हाय-ए, मग डबल-ए, मग ट्रिपल-ए, आणि त्यावर खरी मोठी लीग. खालचा पोरगा चांगला खेळला की त्याला वरून बोलावणं येतं. त्याची सगळी हयात त्या बोलावण्याच्या वाटेकडे डोळे लावण्यात जाते. कुणाला येतं, पुष्कळांना येतच नाही. ते तिथेच खेळतात, तिथेच केस पिकतात, गाव त्यांना नावाने ओळखतं.

हे ऐकताना माझ्या हातातला मक्याच्या लाह्यांचा डबा तसाच राहिला. कारण हे मीरा-भाईंदरचं वर्णन होतं.

बघा ना. आम्ही मुंबईत आहोत का? टेलिफोनचा कोड मुंबईचा, ०२२. पिनकोड ठाण्याचा, ४०१ ने सुरू होणारा. खासदार ठाण्याचे. पोलीस आयुक्तालय वसई-विरारबरोबर भागीदारीत. महापालिका मात्र स्वतःची, २००२ पासून. आणि महापालिकांनाही आपल्याकडे वर्ग असतात, अ, ब, क, ड, ते वेगळंच. तेव्हा सिंगल-ए, डबल-ए समजायला मला काही अडचण आली नाही. १९९१ च्या जनगणनेत आमच्या गावाची वस्ती पावणेदोन लाख होती, २०११ ला ती आठ लाखांच्या वर गेली. यातले बहुतेक जण इथे राहायला आले नव्हते. ते 'सध्यापुरते' आले होते. गिरगावातली खोली भावाला सोडून, परळच्या चाळीतून निघून, 'दोन-तीन वर्षं काढू, मग बोरिवलीत बघू' असं बायकोला सांगून आले. म्हणजे ट्रिपल-ए. दहिसरचा नाका ओलांडला की मोठी लीग. त्या नाक्यावरचा हलक्या गाड्यांचा टोल २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये माफ झाला. टोल गेला, रांग राहिली. रांगेचा सवयीने जीव जडला असावा.

मीही १९९४ साली सध्यापुरताच आलो. आता सत्तरीजवळ आलो आहे. या वयात 'वरून बोलावणं' म्हटलं की घरातली माणसं लगेच 'शुभ बोला' म्हणतात.

बरं, हे बोलावण्याचं प्रकरण नुसतं उपमेपुरतंही नाही. मुंबई क्रिकेटची खरी मायनर लीग म्हणजे पश्चिम रेल्वे. शार्दूल ठाकूर पालघरहून किट घेऊन लोकलने यायचा. पृथ्वी शॉ विरारहून पहाटे निघून वांद्र्याच्या शाळेत जायचा आणि त्याच शाळेसाठी २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा काढून बसला. ही दोन्ही पोरं कित्येक वर्षं भाईंदर स्टेशनवरून गेली असणार. त्यांच्या किटबॅगचा कोपरा आमच्यापैकी कुणाच्या तरी गुडघ्यात रुतला असणार, आणि त्याने त्यांना ऐकवलंही असणार, 'एवढं सामान घेऊन लगेजच्या डब्यात जा की रे!' भारतीय क्रिकेटला भाईंदरचं हे योगदान अजून कुणी नोंदवलेलं नाही.

बेसबॉल तर आमच्या रक्तातच आहे, हेही मला त्या रात्रीच कळलं. या खेळात बेस चोरतात. चोरतात म्हणजे, गोलंदाजाचं लक्ष नसताना धावणारा पुढच्या बेसकडे सूं पळत सुटतो आणि पोचल्याबरोबर अंग टाकून देतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बसूनच राहिलो. सकाळी सव्वाआठला मीरा रोडचा माणूस चर्चगेटला जायचं असताना आधी उलट्या गाडीत बसून भाईंदरला जातो आणि तीच गाडी भाईंदरहून सुटते तेव्हा खिडकीत स्थानापन्न होऊन परत मीरा रोडवरून जातो. याला आमच्याकडे 'रिटर्न येणं' म्हणतात. भाईंदरकर याला चोरी म्हणतात, मीरा रोडकर हक्क म्हणतात, आणि निर्णय द्यायला पंच नसतो. गाडी पुरती थांबायच्या आत उडी मारून, रुमाल फेकून, अंगाचा पट्टा करून सीटवर पडणारे जे वीर मी पाहिलेत, त्यांच्यापुढे ते हार्टफोर्डचे खेळाडू अगदीच नवशिके होते. त्यांना पडायला माती होती, शिवाय हेल्मेट.

आणि या खेळात धाव कशी मोजतात? घरून निघायचं. त्या जागेला घरच म्हणतात, होम. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा करत परत घरी यायचं. वाटेत बाद न होता घरी पोचलात की एक धाव. मी जावयांना म्हटलं, "बोरिवली, अंधेरी, चर्चगेट आणि परत भाईंदर. मी इतक्या वर्षांत किती धावा काढल्या असतील हो?" ते इंजिनिअर आहेत, सुट्ट्या वजा करून हिशेब करायला लागले.

परत आलो तो हा विचार घेऊनच. भाईंदरला मायनर लीगचं बेसबॉल स्टेडियम पाहिजे. मोठी लीग नको, आपली झेप ओळखून असावं.

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ऑगस्टात झाली. विषयपत्रिकेत शेवटी एक कलम असतं : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय'. महाराष्ट्रातल्या साऱ्या क्रांतिकारक कल्पना या कलमाखाली जन्मतात आणि चहाच्या वेळी वारतात. मी उठलो आणि म्हणालो, "आपल्या गावात बेसबॉलचं स्टेडियम व्हावं, असा ठराव करून आपण पाठवावा."

शांतता पसरली. ती विचाराची नव्हती. वडापाव आले होते.

सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "बेसबॉल म्हणजे तो गाडीत ठेवतात तो?"

प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. आपल्या देशात बेसबॉलची बॅट सगळ्यांना ठाऊक आहे, चेंडू कुणालाच नाही. खेळाच्या सामानाच्या दुकानात बॅट घेणारा चेंडू मागत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. ती बॅट ड्रायव्हरच्या सीटखाली राहते आणि पुढचा माणूस ओव्हरटेक करून शिवी देईपर्यंत झोपलेली असते. तेव्हा बेसबॉलचं स्टेडियम म्हणजे हजारो माणसं बॅट घेऊन एकत्र जमणार, असं चित्र सेक्रेटरींच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांनी पोलीस परवानगीचा मुद्दा काढला.

मी त्यांना खेळ समजावला. सोपा मार्ग घेतला. म्हटलं, लहानपणी आपण आबादुबी खेळायचो की नाही? चेंडू अंगावर नेम धरून मारायचा, लागला की बाद. अमेरिकेतही जुन्या काळी धावणाऱ्याला चेंडू फेकून मारत आणि बाद करत. १८४५ साली न्यूयॉर्कच्या एका क्लबाने नियम लिहिले तेव्हा ते मारणं बंद केलं. तिथून पुढे तो बेसबॉल झाला. म्हणजे काय, सभ्य झालेली आबादुबी. यावर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मारायचं नाही तर मग मजा काय?" सभेत हा एकच मुद्दा असा निघाला, ज्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिल्या मजल्यावरच्या काकांना मात्र अनपेक्षित रस आला. मी बोलण्याच्या ओघात सांगितलं की या खेळात चेंडू प्रेक्षकांत गेला तर ज्याला सापडेल त्याने तो घरी न्यायचा, परत मागत नाहीत. काका ताठ बसले. "परत द्यायचा नाही? नियमच आहे तसा?" म्हणाले. आमच्या सोसायटीतल्या पोरांचे गेल्या वीस वर्षांतले किमान अकरा चेंडू काकांच्या लोखंडी कपाटात आहेत. खिडकीची काच फुटली की काका चेंडू जप्त करतात. आजवर सगळ्यांनी त्यांना खडूस म्हटलं. ते एका आंतरराष्ट्रीय नियमाचं पालन करत होते, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं. ठरावाला पहिलं अनुमोदन काकांचं.

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, बेसबॉलसाठी आपलं गाव आधीच आखून तयार आहे. या खेळात एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर नव्वद फूट. गोलंदाजापासून फलंदाजापर्यंत साठ फूट आणि वर सहा इंच. आता भाईंदर पश्चिमेचे रस्ते आठवा. साठ फुटी रोड. नव्वद फुटी रोड. जगात दुसरं कुठलं गाव सांगा, ज्याच्या रस्त्यांना बेसबॉलच्या मापांवरून नावं दिलीत!

सभा थरारली. खजिनदारांनी वडापाव खाली ठेवला.

"आणि ते सहा इंच?" कुणीतरी मागून विचारलं.

"अतिक्रमणात गेले," सेक्रेटरी म्हणाले. सगळ्यांना पटलं.

खरं म्हणजे नव्वद फुटी रोड आज नव्वद फूट दिसत नाही, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दोन्ही बाजूंना दुचाक्या, मग भाजीवाले, मग रिक्षांची तिहेरी रांग, मधे जी फट उरते तिला आम्ही रस्ता म्हणतो. त्या फटीतून पहिल्या बेसकडे पळणाऱ्या खेळाडूला आधी कोथिंबिरीची जुडी ओलांडावी लागेल. पण नावात नव्वद आहे, आणि कागदावर जे नाव आहे ते खरं, हे तत्त्व आम्ही स्टेशनच्या बाबतीत नुकतंच मान्य केलं होतं.

जागा कुठली, या मुद्द्यावर मतभेद झाले. बोस मैदान म्हणावं तर ते वर्षभर बुक असतं. आमच्याकडे मोकळं मैदान म्हणजे सभा, सेल, महोत्सव, मॅरेथॉन, नवरात्र आणि उरलेल्या दिवसांत त्यासाठी खणलेले खड्डे. शिवाय बेसबॉलच्या मैदानात मधोमध गोलंदाजासाठी दहा इंच उंचीचा मातीचा चौथरा लागतो. भाईंदरच्या मैदानात मधोमध दहा इंच उंच चौथरा दिसला तर त्यावर माइक लागायला किती वेळ लागेल? सामना सुरू व्हायच्या आत सत्कार सुरू होईल. गोलंदाज शालश्रीफळ घेऊन परत येईल.

दुसऱ्यांनी मिठागरं सुचवली. आमच्या लोकलच्या खिडकीतून दोन्ही अंगांना दिसतात ती, पांढऱ्या ढिगाऱ्यांची. मीठ पिकवणाऱ्या जमिनीवर स्टेडियम बांधायचं म्हणजे खाजणात भराव, म्हणजे कांदळवन, म्हणजे कोर्ट. पण भरावाला नाक मुरडणारे आपण कोण? मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियमसुद्धा समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर उभं आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात की क्रिकेटवाल्या डिमेलोंनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांना विचारलं, तुम्हाला सरकारसाठी पैसे हवेत की स्वतःसाठी अमरत्व? साहेबांनी अमरत्व घेतलं. १९३७ मध्ये स्टेडियम उघडलं. आमच्याकडे हा प्रश्न विचारायचीसुद्धा गरज पडत नाही. बसथांब्याच्या पत्र्यावर, बाकड्याच्या पाठीवर, स्मशानाच्या कमानीवर 'यांच्या प्रयत्नाने' लिहून लोक अमरत्व आधीच घेऊन बसलेत.

अमेरिकेत दलदलीतला प्रयोग झालेला आहे, हे मी सभेला सांगितलं. ऱ्होड आयलंड नावाच्या चिमुकल्या राज्यात पॉटकेट नावाचं गिरणगाव आहे. तिथल्या मॅककॉय नावाच्या महापौरांनी तळं-दलदल होती तिथे भराव घालून स्टेडियम बांधायला घेतलं. खर्च वाढत गेला, लोकांनी त्याला 'मॅककॉयचं खूळ' असं नाव ठेवलं. १९४२ मध्ये ते उघडलं आणि महापौरांचं नाव त्यालाच चिकटलं. आपल्या खुळाला आपलं नाव मिळणं, हे भाग्य फार थोड्या लोकप्रतिनिधींना लाभतं.

आणि याच स्टेडियमवर जगातला सगळ्यात लांबलेला व्यावसायिक बेसबॉलचा सामना झाला. १९८१ चा एप्रिल महिना, शनिवारची रात्र. बेसबॉलमध्ये षटकं नसतात आणि बरोबरीही चालत नाही. नऊ डावांत फैसला झाला नाही तर दहावा, नाही तर अकरावा. हे बत्तीस डावांपर्यंत गेले. मधे मध्यरात्र झाली, थंडी पडली, खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेकोटी केली. पहाटे चार वाजून गेल्यावर, ईस्टरच्या सकाळी, खेळ तहकूब झाला. तेव्हा प्रेक्षकांत एकोणीस माणसं उरली होती. उरलेला खेळ जूनमध्ये घेतला आणि तेहतिसाव्या डावात, अवघ्या अठरा मिनिटांत, यजमान जिंकले.

सभा गंभीर झाली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "एकोणीस म्हणजे आपल्यापेक्षा चार जास्त."

त्या दिवशी आमच्याकडे पंधरा सभासद हजर होते. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी परत सुरू केलेली होती. बेसबॉल आमच्या रक्तात आहे असं मी म्हटलं ते उगाच नाही.

मधे एक शंकाही निघाली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ राहणारे, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचे, आयटीतले गृहस्थ मोबाइलमधून मान वर काढून म्हणाले, "अहो, मुंबईचा बेसबॉल संघ आहे की! मुंबई कोब्राज. प्रोफेशनल लीग आहे ती." मी चाट पडलो. म्हटलं, कुठे खेळतात? ते म्हणाले, "दुबईला." पूर्ण लीगच दुबईत भरते. कराचीचा संघही तिथेच खेळतो. म्हणजे मुंबईचा संघ, पण घरचं मैदान दुबईत. हार्टफोर्डचा संघ वर्षभर बसमधून हिंडला म्हणून आम्ही हळहळलो, इथे तर सरळ पासपोर्ट लागतो. खजिनदारांचा व्यवहारी मुद्दा असा होता की विमानाने दुबई तीन तास, आणि संध्याकाळी रस्त्याने भाईंदरहून वानखेडे? त्यांनी आकडा सांगितला नाही. हात नुसता हवेत उडवला.

वानखेडेचं नाव निघालं आणि मला खरी किल्ली सापडली. आपल्या मुंबईत स्टेडियमं गरजेपोटी बांधली जात नाहीत, अपमानापोटी बांधली जातात. ब्रेबॉर्न चांगलं चालू होतं. पण ते एका क्रिकेट क्लबाचं. तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांची वर्षानुवर्षं धुसफूस. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे विदर्भातले, विधानसभेचे सभापती, मोठा माणूस. त्यांना क्लबाकडून नकार ऐकावा लागला आणि क्लबाच्या गादीवर होते विजय मर्चंट, म्हणजे तेही काही लहान नाहीत. झालं. वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं. शशी प्रभू नावाच्या तरुण वास्तुविशारदाने ते बघता बघता बांधून काढलं. १९७५ च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ ठोकल्या. रागाच्या भरात माणूस पाण्याचा तांब्या आपटतो. या गृहस्थांनी रुळांच्या कडेला स्टेडियम आपटलं.

म्हणून मी सभेला म्हटलं, आपल्याला ठराव नको, अर्ज नको. आपल्या एखाद्या वजनदार माणसाचा वानखेडेवर व्यवस्थित अपमान व्हायला हवा. त्याला तिकीट नाकारलं पाहिजे. किंवा दिलं तर खांबामागचं दिलं पाहिजे. तो तिथून तणतणत भाईंदर लोकलने... नाही, तो लोकलने येणार नाही, हे लक्षात आलं. तो गाडीने येईल, दहिसरला दीड तास अडकेल आणि तोपर्यंत राग विरून जाईल. पाहा, आमच्या गावाच्या प्रगतीच्या आड काय काय येतं.

संघाच्या नावावर मात्र सभा रंगली. मी सांगितलं होतं की मायनर लीगमध्ये नावं अशीच असतात, गावाच्या मातीतली. माँटगोमेरी बिस्किट्स. टोलेडो मड हेन्स, म्हणजे चिखलातल्या पाणकोंबड्या. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या संघाचं नाव तर जंबो श्रिंप, सरळ सरळ मोठी कोळंबी. ते ऐकल्याबरोबर वहिनी म्हणाल्या, "मग आपले उत्तनचे बोंबील!" टाळ्या पडल्या. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील हे आमच्या शहराचं खरं बोधचिन्ह आहे, वास येतो म्हणून महापालिकेने ते घेतलं नाही इतकंच. आमच्या इमारतीत शाकाहारी सभासद बहुसंख्य आहेत. त्यांच्याकडून 'भाईंदर मिठागर' ही उपसूचना आली. मीठ उपासाला चालतं की सैंधवच लागतं, यावर दहा मिनिटं गेली. 'रिटर्न प्रवासी' हे नाव मी सुचवलं ते मीरा रोडच्या बाजूचं म्हणून फेटाळण्यात आलं.

होम प्लेटवर मात्र एकमत झालं. अमेरिकेत ती पांढऱ्या रबराची असते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने असताना रबर कशाला? स्टीलची प्लेट बसवायची, आणि स्टीलवर नाव कोरायची सोय असतेच. 'सप्रेम भेट' लिहून खाली कुणाचं नाव घालायचं हा प्रश्न आला तेव्हा पंधरापैकी नऊ सभासदांनी आपापलं नाव सुचवलं आणि अध्यक्षांनी चहा मागवला.

इतिवृत्तात नोंद अशी झाली : 'आयत्या वेळच्या विषयात बेसबॉलसंबंधी चर्चा झाली. सदर विषय पुढील सभेपर्यंत तहकूब. तसेच कंपाउंडमध्ये चेंडू खेळण्यास मनाई असल्याची सभासदांना आठवण देण्यात आली.'

दोन दिवसांनी संध्याकाळी मी खाली बाकावर बसलो होतो. आमच्या वॉचमनकडे कुठूनशी आलेली एक खरी बेसबॉलची बॅट आहे, कुत्री हाकलायला. पोरांनी काय भुरळ घातली कुणास ठाऊक, त्याने ती त्यांना दिली. प्लास्टिकचा चेंडू होता. चौथ्या मजल्यावरचा दहा वर्षांचा पोरगा बॅट दोन्ही हातांत खांद्यावर धरून उभा राहिला, मी सांगितलं होतं तसा. टाकणाऱ्याने टाकला, याने डोळे मिटून फिरवली, आणि चेंडू पार्किंगवरून, जांभळाच्या झाडावरून, कंपाउंडच्या भिंतीवरून सरळ नव्वद फुटी रोडवर.

भांडण जुंपलं. निम्मी पोरं म्हणाली आउट, डायरेक्ट बाहेर गेला की आउट, आपला नियम आहे. निम्मी म्हणाली होमरन, आजोबांनी सांगितलंय. सगळी माझ्याकडे बघू लागली. एवढ्यात पहिल्या मजल्याची खिडकी उघडली आणि काकांनी विचारलं, "आपल्या हद्दीत पडला की बाहेर?"

"बाहेर, काका."

खिडकी निराश होऊन मिटली.

मग तिसराच नियम सगळ्यांना मान्य झाला, ज्याने मारला त्याने आणायचा. पोरगा फाटकाकडे पळाला. वॉचमन मला हळूच म्हणाला, "साहेब, हे लोक दिवाळीनंतर चाललेत. बोरिवलीला घेतला फ्लॅट." पोरगा फाटकाबाहेर दोन रिक्षांच्या मधे उभा राहून रस्ता ओलांडायला जागा मिळते का ते बघत होता. चेंडू पलीकडे भाजीवालीच्या टोपलीत दिसत होता, आणि ती तो उचलून मोठ्याने विचारत होती, कुणाचा आहे म्हणून.